ठेंगणं, पण लगडलेलं

कृषी संशोधन केंद्रावर तिला सगळे शेंगाबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे शेंगाबाई. तिला ते माहीत होतं आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. उभी हयात सोयाबीनच्या शेंगा मोजण्यात गेलेल्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार?

तिच्याकडे सोयाबीनचे दोन वाण होते. एक उंच. त्याच्या पेरापेराला शेंगांचे घोस लागायचे, पण दाणे भरायला लागले की बुंध्याला ते ओझं पेलवायचं नाही. जरा वारा सुटला की सगळं पीक लोळायचं. शेंगा मातीला टेकायच्या, कुजायच्या, कापणी यंत्राच्या पात्याखालून निसटायच्या. दुसरा वाण ठेंगणा, जाड बुंध्याचा. वादळातसुद्धा जागचा हलायचा नाही. पण त्याला शेंगा अशा लागायच्या की जणू कुणी उसन्या आणून चिकटवल्यात. या दोघांचा संकर करून त्यांच्या नातवंडा-पतवंडांत ती एक झाड शोधत होती. ठेंगणं, पण लगडलेलं.

ते सापडत नव्हतं. उंच झाडं लगडलेली निघत, ठेंगणी रिकामी निघत, आणि दर हंगामात हेच. उंची आणि शेंगा यांची कुणीतरी गाठच मारून ठेवली होती.

या गाठीचे दोन अर्थ होऊ शकत होते. एक म्हणजे, उंची आणि शेंगा दोन्ही एकाच जनुकाची करणी असेल. तसं असेल तर शोध तिथेच संपला. मरेपर्यंत शोधलं तरी एक सोडून दुसरं मिळणार नाही. किंवा मग ती दोन वेगळी जनुकं असतील, पण एकाच गुणसूत्रावर भिंतीला भिंत लागून राहणारी. असे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या बरोबरच प्रवास करतात. पण कधीतरी, हजारांत एखाद्या वेळी, गुणसूत्रांची आपसांत तुकड्यांची अदलाबदल होताना तुकडा नेमका त्या दोघांच्या मधे तुटतो आणि शेजारी कायमचे वेगळे होतात. शेंगाबाईचं म्हणणं होतं की ती दोन आहेत.

तिच्या मैत्रिणीचं म्हणणं होतं की एकच आहे.

ही मैत्रीण कॉलेजपासूनची. तिला सगळा जीव दाण्याच्या आकारात दिसायचा. टपोरा दाणा, टपोरा दाणा असा सारखा जप चालायचा, म्हणून वर्गानं तिचं नाव टपोरी ठेवलं होतं, आणि तिच्या तोंडाचा पट्टा पाहता ते दोन्ही अर्थांनी शोभत होतं. पहिला संकर दोघींनी मिळून केला होता. पुढे एका परिषदेत, भरल्या सभागृहात, टपोरी उठून म्हणाली, "एकच जनुक आहे. शेंगा हव्यात ना? मग उंची घे आणि गप्प बस." शेंगाबाईनं तिथल्या तिथे सुनावलं, "ज्यांना मोजायचा कंटाळा येतो ते असंच म्हणतात." लोक हसले. चहाच्या वेळेला दोघी दोन टोकांना उभ्या राहिल्या. नंतर टपोरी बदली घेऊन दुसऱ्या केंद्रावर गेली. फोन कमी होत गेले आणि मग थांबलेच. भांडण असं कधी झालंच नाही, म्हणून ते मिटवायलाही कुणी गेलं नाही.

एका हंगामाच्या सुरुवातीला केंद्रप्रमुखांनी शेंगाबाईला बोलावून घेतलं. ते एके काळी तिचेच विद्यार्थी. ती खोलीत आली की अजूनही अर्धवट उठून उभे राहायचे आणि मग आपण साहेब आहोत हे आठवून परत बसायचे.

"मॅडम, तुमच्या वाफ्यांची जागा मागतायत," ते म्हणाले. "वरून विचारतात, इतकी वर्षं झाली, वाण कुठाय? मी काय उत्तर देऊ?"

"नाहीये म्हणून सांगा."

"तसं कसं सांगू?"

"खरं तेच सांगा. मला आता बनवून सांगायचासुद्धा कंटाळा येतो."

साहेबांनी मान खाली घातली. हा हंगाम शेवटचा, असं त्यांना म्हणायचं होतं. ते त्यांना म्हणवेना, आणि तिला ते न म्हणताच कळलं.

ती बाहेर आली आणि वाफ्यांकडे गेली. गुडघे कुरकुरत होते. सबंध हंगाम ती नेहमीसारखीच ओळीओळीतून फिरली, पण पूर्वी प्रत्येक ठेंगण्या झाडापाशी वाकताना छातीत काहीतरी व्हायचं ते आता होत नव्हतं. वाकायचं, पानं बाजूला करायची, पुढे जायचं. इतरांना ती शांत वाटायची. खरं तर ती दमली होती, आणि ते विश्रांतीनं जाणारं दमणं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठलं तरी ते उशाशी बसलेलंच असायचं.

ते झाड तिला पानगळ सुरू झाल्यावर दिसलं. शेवटच्या वाफ्यात, अगदी कडेला. गुडघ्याएवढं. पानं गळल्यामुळे शेंगा उघड्या पडल्या होत्या आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत इतक्या दाटीनं लागल्या होत्या की मधला दांडा दिसत नव्हता. तिनं झाडाला हात लावून हलवून पाहिलं. हललं नाही. तिनं खिशातली लाल फीत काढून बांधली आणि पुढच्या ओळीकडे वळली. मग परत आली. जमिनीवर बसली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिली.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो दुकान बंद करून घरी येईपर्यंत ती पाय वर घेऊन खुर्चीत पडलेली असायची.

"आज काय?" त्यानं विचारलं.

"कंबर."

"ती रोजचीच. आणखी काय?"

"एक झाड मिळालंय. ठेंगणं, आणि लगडलेलं."

तो चपला काढता काढता थांबला. "अगं मग तोंड असं का?"

"अहो, कडेला होतं ते. कडेच्या झाडाला ऊन जास्त, जागा जास्त, सगळंच जास्त. त्याला शेंगा लागल्या तर त्यात त्याचं कर्तृत्व काय?"

"म्हणजे बापाच्या पैशावर रुबाब."

"तसंच. रक्तात आहे की नाही ते पुढच्या वर्षी कळेल."

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला. "माझ्याकडे आंधळं गिऱ्हाईक आलं तरी तासाभरात रस्त्यावरच्या पाट्या वाचत जातं. आणि तुझं बघावं तर, लग्न झाल्यापासून पुढच्या वर्षी."

ती हसली. त्यानं जेवणाची ताटं घेतली आणि तिला उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली आणि फक्त जागा मागितली. अख्खा वाफा नको, थोड्या ओळी पुरे. साहेबांनी झाड स्वतः जाऊन पाहिलं आणि परत येऊन म्हणाले, "ओळी कसल्या मागता मॅडम, वाफा घ्या. वरच्यांचं मी बघतो."

त्या एका झाडाचं बी पुढच्या हंगामात पेरलं. या वेळी कडेला दुसऱ्या सोयाबीनच्या ओळी लावून मधोमध पेरलं, म्हणजे कुणाला जास्त ऊन मिळालं अशी तक्रार नको. रोपं वाढली. सगळी ठेंगणी. शेंगा धरायची वेळ आली तेव्हा तिनं तीन-चार दिवस तिकडे जायचंच टाळलं. नवरा म्हणाला, "निकाल बघायला घाबरणारी पोरं असतात तशी झालीयस." मग गेली.

बहुतेक झाडं लगडलेली होती. काही रिकामी होती. चारांतली तीन लगडलेली आणि एक रिकामं, साधारण याच हिशेबानं. ती रिकामी झाडं पाहून तिला जास्त बरं वाटलं. जागेच्या जिवावर आलेला गुण असता, तर तो असा मोजून मापून वाटला गेला नसता. हे जनुकाचंच वाटप होतं. ज्या झाडाला दोन्ही बाजूंनी रिकामेपणाच आला ते रिकामं, बाकीची भरलेली. लॅबमधल्या बाईंनी पानं नेऊन तपासली आणि फोनवर सांगितलं, "मॅडम, बाहेरचं बी मिसळलेलं नाही. आई-बाप तुमचेच दोघे. आणि तुकडा अगदी मधेच तुटलाय."

"मधे म्हणजे?"

"म्हणजे ती दोन आहेत."

फोन ठेवल्यावर आपण ओरडू, रडू, निदान उठून उभं राहू, असं तिला वाटलं होतं. तिनं चष्मा काढून पुसला आणि उपटून टेबलावर आणलेली बाकीची झाडं मोजायला घेतली. ती संपवायलाच हवी होती. सकाळी टेबल दुसऱ्यांना लागणार होतं.

तिसऱ्या हंगामात प्रत्येक लगडलेल्या झाडाचं बी वेगळ्या ओळीत पेरलं, आणि चौथ्यात खरी परीक्षा. ज्यांच्या पोटी एकही रिकामं झाड निघालं नाही, अशा ओळींचं बी एकत्र करून वाफ्यांत पेरलं आणि शेजारी नेहमीचा, सगळे शेतकरी लावतात तो वाण पेरला. कापणीच्या आधी जोराचा वारा आला. शेजारचा वाण आडवा झाला, तिचं पीक उभं राहिलं. केंद्रावरची माणसं बघायला आली. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. लोळलेल्या वाफ्यातल्या शेंगा माणसं लावून हातानं वेचून घेतल्या, कारण तुलना दाण्यांची करायची होती, यंत्राची नव्हे.

मग मळणी झाली आणि दोन्ही पोती काट्यावर चढली.

वजन सारखं भरलं.

तिनं पोत्यात हात घातला. दाणे बारीक होते. इतके बारीक की मुठीतून वाळूसारखे सुटत होते. आपण हे आधीच ओळखायला हवं होतं, असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं की आपण ओळखलंच होतं, फक्त मनाला सांगितलं नव्हतं. पानं जेवढं अन्न तयार करणार तेवढंच ते शेंगांना मिळणार. ठेंगण्या झाडाला पानं बेताचीच. घरात अन्न तेवढंच आणि खाणारी तोंडं दुप्पट झाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार?

"मॅडम, तुमचं म्हणणं खरं ठरलं," साहेब म्हणाले. ते मनापासून म्हणत होते. "यावर पेपर फार चांगला होईल."

"आणि वाण?"

साहेब टेबलावरचं पेन सरळ करत राहिले. "लोळत नाही, हे मोठंच आहे. पण नुसत्या वजनावर बोट ठेवणारी माणसं बसलेली असतात समितीत. उत्पन्न तेवढंच म्हटल्यावर..."

"राहू द्या साहेब. नका ठेवू त्यांच्यापुढे."

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटेल," ती म्हणाली. "घरी गेल्यावर."

ती काही दिवस घरी राहिली. झोप काढली, कपाटं आवरली, आवरलेली परत विस्कटली. नवरा दुकानातून मधेच फोन करायचा आणि उगाच काहीतरी विचारायचा, तिखटमिठाचे डबे कुठे आहेत वगैरे, जणू तो दुकानात स्वयंपाक करत होता. एका सकाळी तिनं कापडाच्या लहान पिशवीत बी भरलं.

"कुठे निघालीस?"

"टपोरीकडे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू जिंकलीस हे सांगायला?"

"जिंकले असते तर फोनवर सांगितलं असतं," ती म्हणाली. "तिच्याकडे दाणा आहे. मोठा. माझ्याकडे तो नाही."

बसनं बराच वेळ घेतला. टपोरीच्या केंद्रावरची शेड शोधायला वेळ लागला नाही. तिचा आवाज फाटकापर्यंत येत होता. ती कुणाला तरी चाळणीवरून झापत होती. केस पांढरे झाले होते, बाकी सगळं तेच. दारात उभ्या असलेल्या बाईकडे तिनं पाहिलं, चाळणी खाली ठेवली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"शेंगे."

"हं."

"ये. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडकाय. या पोत्यावर बस."

शेंगाबाईनं पिशवी तिच्या हातात दिली. टपोरीनं थोडं बी तळहातावर ओतून घेतलं. "हे काय आणलंस? मुंग्यांसाठी?"

"ठेंगणं आहे. आणि लगडलेलं."

टपोरीनं एक दाणा चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाली, "कडेचं झाड असेल."

"होतं. म्हणून पुढच्या वर्षी मधोमध पेरलं. चारांत तीन."

"बी मिसळलं असेल कुठेतरी."

"लॅबनं तपासलंय. तुकडा मधेच तुटलाय."

टपोरी मोडक्या खुर्चीवर स्वतःच बसली आणि तोल सावरायला तिनं भिंतीला हात लावला. "म्हणजे दोन होती."

"दोन."

"आणि मी सगळ्यांसमोर उठून..."

"हो. सगळ्यांसमोर."

"तू पण काय कमी बोललीस का? म्हणे मोजायचा कंटाळा." ती तळहातावरचे दाणे बोटानं इकडे तिकडे करत राहिली. "खरं सांगू? आलाच होता गं कंटाळा. मला ते एकच असायला हवं होतं. एकच असतं तर थांबता आलं असतं. तुला नव्हता येत?"

"रोज यायचा."

टपोरी हसायला लागली आणि तिच्यामागून शेंगाबाईही. हसणं फार टिकलं नाही. दोघींनाही मधेच खोकला आला.

चहा झाल्यावर टपोरीनं आपलं बी दाखवलं. दाणे खरंच देखणे होते, गोल, पिवळेधमक. दाण्याचा आकार एका जनुकाच्या हातात नसतो. पुष्कळ जनुकं आपापल्या परीनं थोडं थोडं वजन टाकतात. टपोरीनं ती एकेक करून एका वाणात गोळा केली होती, आणि त्यात तिचीही तेवढीच वर्षं गेली होती. पण तिचं पीकही उंच होतं आणि लोळायचं, आणि सगळं अन्न मोठ्या दाण्यांत जात असल्यानं त्याला शेंगा मोजक्याच टिकायच्या.

"पण दाणा मोठा केला की तुझ्या त्या झाडाला अन्न पुरणार कुठून?" टपोरी म्हणाली. "पानं तेवढीच."

"तुझ्या वाणाची पानं हिरवी किती दिवस राहतात?"

"बरीच. पिकायला उशीर लागतो त्याला." टपोरी थांबली. "अच्छा. म्हणजे जेवण तेवढंच, पण जास्त दिवस वाढायचं."

"सगळं एका झाडात आलं तर."

"आलं तर. आणि यायला सात-आठ पिढ्या." तिनं शेंगाबाईकडे पाहिलं. "तू कधी सुटतेयस?"

"पुढच्या वर्षी."

"मी त्याच्या आधी. मग कुणासाठी करायचं हे?"

शेंगाबाईनं खांदे उडवले. "मला माहीत नाही. पण हे बी डब्यात बंद करून घरी जायचं म्हटलं तर झोप लागायची नाही."

"झोप तर मलाही हवीय बाई," टपोरी म्हणाली आणि बियांची पिशवी बांधायला उठली.

फुलं यायला लागली तेव्हा टपोरी राहायला आली. ऊन चढायच्या आत दोघी वाफ्यात बसायच्या. सोयाबीनची कळी तांदळाच्या दाण्याएवढी असते. चिमट्यानं तिची हिरवी टोपी सोलायची, पाकळ्या उपटायच्या, आतले पुंकेसर फुटायच्या आत काढून टाकायचे, आणि उरलेल्या केसासारख्या दांडीला टपोरीच्या वाणाचे पराग लावायचे. जरा जोर झाला की सगळं चिरडतं. हात थरथरायचे. एकमेकींना शिव्या देऊन व्हायच्या. साहेब एकदा येऊन बाजूला उकिडवे बसले आणि त्यांनी दोन कळ्या घेतल्या, दोन्ही चिरडल्या. "सवय गेली मॅडम," ते ओशाळून म्हणाले. टपोरीनं त्यांना तिसरी कळी दिली.

केलेल्या कळ्यांतल्या बहुतेक गळून पडल्या. दर वेळी पडतातच. पण काही टिकल्या, त्यांच्या शेंगा झाल्या, आणि वाटीभरही नव्हे, चिमूटभर बी हाताला लागलं. टपोरी निवृत्त झाली. मागोमाग शेंगाबाईही. साहेबांनी भाषण केलं, ते लांबलं, आणि ती मधेच पेंगली. बी साहेबांकडे राहिलं. ते म्हणाले, मी स्वतः पेरतो. तिनं त्यावर फार विसंबायचं नाही असं ठरवलं.

पुढच्या हंगामात एका दुपारी फोन आला. ती पडली होती. नवऱ्यानं फोन आणून दिला.

"मॅडम, रोपं गुडघ्याच्या वर गेली," साहेब म्हणाले. वाऱ्याचा आवाज येत होता. म्हणजे ते खरंच शेतात उभे होते. "थोडी ठेंगणीच राहिलीयत. बाकी सगळी उंच."

ती उठून बसली. आई ठेंगणी होती, आणि संकराच्या पहिल्या पिढीत उंचीच वरचढ ठरते. जे रोप आईसारखं ठेंगणं राहिलं, तिथे संकर फसला होता, कळी स्वतःच्याच परागावर फळली होती. जी उंच गेली, त्यांच्यात टपोरीच्या वाणाचं रक्त उतरलं होतं.

"बहुतेक उंच?" तिनं परत विचारलं.

"बहुतेक."

"ठेंगणी उपटून टाका. उंच आहेत त्यांचं सगळं बी ठेवा, एक दाणा वाया जाऊ देऊ नका. शोधायचं ते त्यांच्या पुढच्या पिढीत."

"पुढच्या पिढीत मला काय काय बघायचं ते सांगाल ना? मी बरंच विसरलोय."

"सांगेन."

"उद्या येता? गाडी पाठवतो."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. पाय जड होते, डोळे मिटत होते. टपोरीला कळवायला हवं होतं. ती ओरडणार आणि मग किती वेळ बोलत बसणार, हेही माहीत होतं.

"उद्या नको साहेब," ती म्हणाली. "परवा पाठवा. उद्या मला झोपायचंय."

नवऱ्यानं तिच्या हातातून फोन घेतला आणि पडदा ओढला.